शेपटीकडचा आवाज

बस थांब्याच्या थोडी अलीकडेच करकचून थांबली आणि मागून येणारी दुसरी बस आमच्या बसला येऊन टेकली. आपटली नाही, टेकलीच. पण मी शेवटच्या बाकावर होते, त्यामुळे तो धक्का पाठीच्या कण्यातून थेट दातांपर्यंत आला. वळून पाहिलं तर दोन काचांपलीकडे, हात लांब केला तर गालाला लागेल इतक्या जवळ, मागच्या ड्रायव्हरचा चेहरा. हनुवटीवर दाढी करताना कापल्याची ताजी खूण. तो माझ्याकडे पाहत होता, मी त्याच्याकडे. मग त्यानं स्टिअरिंगवरचा एक हात उचलून जरासा हलवला, म्हणजे चुकलं. "काही नाही, काही नाही," आमचा कंडक्टर म्हणाला, "लाडात आली, पप्पी घेतली." लोक हसले. एक बाई म्हणाली, "घरी जाऊन घे म्हणावं." मागची बस मागे सरकली, चेहरा लहान होत गेला, सगळं पूर्ववत झालं आणि माझ्या हातातून समोरच्या बाकाचा दांडा सुटेना. एकेक बोट सोडवून काढावं लागलं. अजून दोन थांबे होते, पण मी तिथंच उतरले आणि चालत निघाले. अकरा वाजता मला चौकशी समितीसमोर हजर व्हायचं होतं, एक आवाज ऐकायला आणि तो माझ्या वडिलांचा आहे की नाही ते सांगायला.

बाबांनी बावीस वर्षं हेच पाहिलं होतं, काचेपलीकडचे चेहरे. ते टँकर विमानावर होते. टँकर म्हणजे उडतं इंधनाचं पिंप. दुसरी विमानं हवेतच त्याच्यामागे येऊन पोट भरून घेतात आणि जमिनीला पाय न लावता पुढे जातात. बाबांची जागा शेपटीत. तिथं एक अरुंद गादी, त्यावर पालथं पडायचं, हनुवटी टेकवायची आणि खालच्या काचेतून मागे बघत एक लांब, ताठ नळी खाली सोडायची. मागचं विमान त्या नळीखाली येऊन थांबायचं आणि बाबा नळीचं टोक त्याच्या डोक्यावरच्या खाचेत बसवायचे. दोन्ही विमानं ताशी सातशे किलोमीटरनं धावताहेत आणि मधलं अंतर आमच्या इमारतीच्या जिन्यापासून फाटकापर्यंत. लहान विमानांचं त्यांना काही वाटायचं नाही. "ती डासासारखी," म्हणायचे. मोठ्यांचं मात्र वेगळं. शंभर-दीडशे टनांचं मालवाहू विमान मागून आलं की नाकापुढे हवेचा एक ढीग ढकलत आणतं, आणि तो ढीग टँकरची शेपटी खालून उचलतो. हे त्यांनी मला मोरीत, बादलीभर पाण्यात दोन वाट्या तरंगत ठेवून दाखवलं होतं. मी नऊ वर्षांची असेन. त्यांनी मागची वाटी पुढे ढकलली आणि अजून शिवलीही नव्हती तोच पुढची डुलायला लागली. "बघ. स्पर्श नाही तरी ढकलतंय. पुढच्याला वाटतं आपण सरळच आहोत. त्याचं यंत्र तोल सावरून धरतं. आता मागचा घाबरला आणि झटक्यात मागे गेला," त्यांनी वाटी खेचली, "की आधार गेला. शेपटी धपकन खाली. आणि खाली कोण आहे?" मी म्हटलं, "तोच." बाबा म्हणाले, "तोच." आणि उठून गेले. मला आठवतं, मी नंतर कितीतरी वेळ त्या वाट्या पाण्यात फिरवत होते. माझ्याशी ते इतकं सलग बोलले होते, ते संपू नये म्हणून असेल.

कारण घरी ते बोलतच नसत. बोलायचे ते हुकूम. पुढे. अजून. थांब. डावीकडे. मागे हो. सायकल त्यांनी मला अशीच शिकवली, मैदानाच्या कडेला उभं राहून, हात मागे बांधून, आणि मी पडले तेव्हा म्हणाले, "वेग जास्त होता." आईनं पोळी वाढताना ते तिच्याकडे न बघता तळहात उभा धरायचे, म्हणजे पुरे. आई कधीकधी मुद्दाम आणखी एक वाढायची आणि म्हणायची, "बोला की तोंडानं. मी काही विमान नाही." ते घरीही पालथेच झोपायचे, हनुवटी उशीच्या काठावर आणि डोळे अर्धे उघडे. त्या खोलीत जायला मला भीती वाटायची, आपण मागून फार जवळ जातो आहोत की काय अशी. त्यांचे सहकारी त्यांना नळीवाले म्हणत, शेजारचे काका पेट्रोलपंपवाले. "आमचीही स्कूटर घ्या की कधी वरती," काका दर वेळी तेच म्हणायचे आणि बाबा दर वेळी तेवढंच हसायचे. एकदा बाजारात त्यांनी एका अनोळखी माणसाला अडवलं. तो भाजीची पिशवी घेऊन गोंधळून उभा राहिला. बाबा त्याच्या डोळ्यांकडे बघत म्हणाले, "तुम्ही शेवटच्या क्षणाला उजवीकडे ओढता. सोडा ती सवय." तो वैमानिक निघाला. त्यानं बाबांना कधीच पाहिलं नव्हतं. खालून वर बघणाऱ्याला काचेचा एक काळा चौकोन तेवढा दिसतो. आई मला हळूच म्हणाली, "बघ, त्याचे डोळे ओळखतात." त्या वर्षी आईला चष्मा लागला होता आणि तीन आठवडे बाबांच्या ते लक्षात आलं नव्हतं.

त्यांचा एकच अभिमान होता. मागे येणाऱ्या विमानाला ते पाहुणा म्हणायचे, आणि बावीस वर्षांत त्यांच्याकडून पाहुणा उपाशी गेला नव्हता. हे मी त्यांच्या तोंडून नाही, त्यांच्या निरोप समारंभाची तालीम करणाऱ्या सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकलं. निवृत्तीला पाच महिने होते. त्यांच्या तुकडीत लेखी नियम असा होता की मोठं विमान दोनदा प्रमाणाबाहेर वेगानं जवळ आलं तर तिसऱ्यांदा घ्यायचं नाही, परत पाठवायचं. आणि न लिहिलेली पद्धत अशी होती की पाठवायचं नाही. ज्यानं पाठवलं त्याच्या टेबलावर दुसऱ्या दिवशी कोणीतरी रिकामं ताट पालथं घालून ठेवायचं. नुसती थट्टा. कोणी रागवायचं नाही, कोणी तक्रार करायचं नाही. ताट धुऊन परत स्वयंपाकघरात जायचं. पण त्या ताटाला भिऊन मोठमोठी माणसं तिसऱ्यांदा 'या' म्हणत. मी हे समितीच्या अधिकाऱ्याला नंतर सांगितलं तेव्हा त्यानं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "ताटाचं कुठे नोंदवणार, बाई?"

त्या दिवशी पाहुणा मालवाहू होता, खूप मोठा, आणि त्याचा वैमानिक या कामात नवखा. सकाळ होती, हवा स्वच्छ होती. पहिल्यांदा तो जोरात आला, बाबांनी शेपटीखालच्या दिव्यांची खूण करून मागे पाठवलं. दुसऱ्यांदाही जोरात आला, पुन्हा तसंच मागे पाठवलं. मग रेडिओवर टँकरकडून कोणीतरी त्याला तिसऱ्यांदा बोलावलं. तो आला, नळीपाशी पोचला, टँकरची शेपटी उचलली गेली, तो घाबरला आणि झटक्यात मागे गेला. पुढचं मी नऊ वर्षांची असताना बादलीत पाहिलं होतं. मालवाहू विमान कपाळ फुटलेल्या अवस्थेत कसंबसं उतरलं, त्यातली सगळी माणसं जगली. टँकर समुद्रात गेला, चार माणसांसकट. त्यातला एकही देह मिळाला नाही. समुद्रातून वर काढलेल्या काळ्या पेटीतला टँकरचा स्वतःचा ध्वनिमुद्रणाचा भाग खराब झाला होता. उरलं ते मालवाहू विमानाच्या यंत्रानं रेडिओवरून टिपलेलं, खरखरीत. तिसऱ्यांदा बोलावणारा आवाज दोनच माणसांचा असू शकत होता. एक शेपटीतले बाबा, दुसरा टँकरचा कॅप्टन. कॅप्टन अडतीस वर्षांचा. हुद्द्यानं साहेब, पण बाबांना 'काका' म्हणायचा आणि बाबा त्याला 'साहेब'. नियम मोडून बोलावणारा जो असेल त्याच्या नावावर अहवालात ठपका येणार होता आणि तुकडीच्या भिंतीवरच्या पाटीवर बाकी तिघांची नावं कोरली जाणार होती. म्हणून दोन्ही घरांना बोलावलं होतं, आवाज ओळखायला.

आई आली नाही. सकाळी चहा गाळताना म्हणाली, "मी काय ओळखणार? मला तळहात दाखवायचे." मग माझ्या कपात साखर घालायची ती आधीच घातली होती हे विसरून पुन्हा घालत म्हणाली, "तूच जा. आणि खरं सांग. नाहीतरी तू खरंच सांगतेस, समोरच्याला किती लागेल ते न बघता. त्यांच्यावरच गेलीस." मी छापखान्यात मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि समासात बारीक अक्षरांत लिहायच्या हे माझं काम आहे. तेव्हा आईचं म्हणणं मला टोमण्यासारखं लागलं नाही, नोंदीसारखं लागलं. रस्त्यानं चालताना मात्र मी तेच उलटसुलट करत होते. आवाज त्यांचा असला आणि मी 'हो' म्हटलं, तर ते खरं बोलणं असेल की सायकलवरून पडल्याचा हिशेब? आणि 'नाही' म्हटलं तर ती माया म्हणायची? कुठल्या मायेनं म्हणू? मला आठवत होत्या त्या बंद खोल्या, बाहेर वाळत घातलेला हिरवा कामाचा पोशाख आणि त्याला कितीही धुतला तरी येणारा रॉकेलसारखा वास. त्या वासाला मिठी मारलेली मला आठवते. माणसाला नाही. पोशाख दोरीवर होता, मी सहा-सात वर्षांची, आणि कोणी बघत नाही याची खात्री करून घेतली होती.

समितीची खोली तिसऱ्या मजल्यावर, लांबट, एका बाजूला पंखा आणि दुसऱ्या बाजूला बंद पडलेला पंखा. अधिकारी पन्नाशीचा, सभ्य, सारखा चष्मा पुसणारा. यंत्रापाशी एक तंत्रज्ञ बाई होती. तिनं माझ्या कानांवर हेडफोन बसवताना माझे केस जपून बाजूला केले. इतकं जपून की मला एकदम रडू येईल असं वाटलं, आणि रडू येईल असं वाटल्याचा राग आला. "तीन वेळा ऐकवीन," ती म्हणाली. "पाहिजे तर डोळे मिटा. बरेच जण मिटतात." अधिकारी म्हणाला, "आधी अर्थ समजावून सांगणं माझं कर्तव्य आहे. तुम्ही ओळख पटवलीत तर ठपका त्यांच्यावर. दोन्ही घरांचं जुळलं नाही तर समिती लिहील, आवाज अनिश्चित. मग ठपका कोणावरच नाही, पण पाटीवर त्या दोघांचीही नावं नाहीत. कळलं ना?" मी मान हलवली. "तोंडानं सांगा," तो म्हणाला, "नोंदवावं लागतं." मी म्हटलं, "कळलं."

आधी नुसती खरखर आली. मग मागच्या वैमानिकाचा घाबरलेला, कोवळा आवाज, सॉरी म्हणणारा. मग थोडी शांतता, आणि मग तो दुसरा आवाज. "या परत. घाई नाही. हळू या. काही बिघडलं नाही. आम्ही आहोत इथंच." एवढंच. मी डोळे मिटले नव्हते. समोर बंद पंख्याच्या पात्यावर धूळ होती, ती मी पाहत होते. त्या आवाजात काय होतं ते मला सांगता येत नाही. पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्या मुलाला काठावरचा माणूस म्हणतो तसं काहीतरी. सकाळी तापातून उठलेल्याला कोणीतरी उशी नीट करून देतं तसं. मला वाटलं, मी सत्तावीस वर्षांची आहे आणि हे पहिल्यांदा ऐकते आहे. मग लगेच वाटलं, नाही, हे मला माहीत आहे, हे मला नेहमीच माहीत होतं, भिंतीपलीकडे एखादा नळ वाहत असावा तसं. दुसऱ्या वेळी मी शब्द सोडून त्यामागचं ऐकलं. बोलण्याआधी एक छोटासा फस् असा आवाज होता. बाबा काहीही बोलायच्या आधी नाकातून श्वास सोडायचे, नाइलाज झाल्यासारखा. तिसऱ्यांदा ऐकायची गरज नव्हती, तरी मी ऐकलं. अधाशासारखं ऐकलं.

"माझे वडील आहेत," मी म्हटलं.

अधिकाऱ्यानं चष्मा पुसला. "कशावरून?"

"बोलण्याआधी ते असाच श्वास सोडतात. नाकातून."

तंत्रज्ञ बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तो श्वास नाही," ती हळू म्हणाली, मला लागू नये अशा बेतानं. "रेडिओचं बटण दाबलं की तेवढं येतं. कोणीही दाबलं तरी."

"बरं," मी म्हटलं. माझे कान तापले होते. "तरी तेच आहेत."

"घरी ते असं बोलायचे?" अधिकाऱ्यानं विचारलं. प्रश्न साधा होता. त्याला उत्तर हवं होतं आणि कागदावर त्यासाठी दोन ओळींची जागा होती. मला वाटलं, आता सांगावं की घरी ते असं कधीच बोलले नाहीत, आणि जे घरी बोलले नाहीत ते कुठेतरी बोलत असणारच असं धरून मी आजवर जगले. तो हिशेब आज लागला आहे, तो तुम्ही बटणाच्या आवाजावरून खोडू नका. मी म्हटलं, "हो. घरी असंच बोलायचे." मुद्रितात अशी ओळ दिसली असती तर मी समासात प्रश्नचिन्ह घातलं असतं. त्यानं लिहून घेतलं. मी सही केली.

जिन्यात मधल्या वळणावर कॅप्टनची बायको भेटली. शोकसभेत तिला लांबून पाहिलं होतं. पुठ्ठ्याचं खोकं दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती वर न जाता, खाली न जाता उभी होती. खोक्यात बूट, एक टॉवेल, दाढीचं सामान. "कपाट रिकामं करून दिलं," ती म्हणाली, मी काही विचारलं नव्हतं तरी. "पायताणं सुद्धा मोजून दिली. सही करा म्हणाले." मग म्हणाली, "तुम्ही काकांच्या ना? तुमचं झालं?"

"झालं."

"काय सांगितलंत?"

सांगू नये असं काही कोणी म्हणालं नव्हतं. शिवाय मला वाटलं, हिच्या डोक्यावरचं ओझं तरी उतरेल. खरं बोलण्यातून निदान एकीचं भलं होत असेल तर ते बघून घ्यावं. "माझे वडील होते म्हणून सांगितलं. तुमच्या मिस्टरांवर काही येणार नाही."

तिनं खोकं पायरीवर ठेवलं. चेहऱ्यावर सुटका नव्हती. कोणीतरी हातातलं ओढून घ्यावं तसा तो आक्रसला. "पण मी काल सांगितलं," ती म्हणाली. "आमचे हे आहेत म्हणून."

"तुम्हाला अर्थ समजावला होता ना त्यांनी?"

"दोनदा. चष्मा पुसत." ती जराशी हसली, मग कठड्याला टेकली. "अहो, सात वर्षं झाली लग्नाला. घाई नाही हे शब्द मी आमच्या घरात ऐकले नाहीत. सगळी घाईच. जेवायची घाई, निघायची घाई, भांडण उरकायची पण घाई. आणि ते ऐकलं, घाई नाही, हळू या. म्हटलं, हा तर तोच. मी होकार दिला होता तो हाच माणूस. मग मध्ये कुठे गेला होता कळत नव्हतं. तो इथं होता." तिनं हात वर केला, छताकडे, की त्याच्याही वर. "सासूबाई म्हणतात, तुला वेड लागलंय, स्वतःच्या नवऱ्याच्या कपाळी ठपका लावून आलीस. लागू दे म्हटलं. निदान ठपका त्याचा आहे, आवाजही त्याचा आहे."

तिचं एकेक वाक्य माझ्यातून निघाल्यासारखं होतं, फक्त माझ्याआधी एक दिवस निघालेलं. मग मी वर काय ओळखलं होतं? हिनं काय ओळखलं होतं? तिथं कोणीतरी एक माणूस एका घाबरलेल्या परक्याशी मायेनं बोलला होता, आणि त्या मायेपायी चार माणसं समुद्रात गेली होती. खाली जमिनीवर आम्ही दोघी त्याच पाच वाक्यांचा पदर दोन बाजूंनी ओढत होतो. मुद्रितांत मी हे नेहमी बघते. एकच ओळ चुकून दोन पानांवर छापलेली असते, दोन्हीकडे नीट बसलेली, आणि कुठून काढायची ते मूळ हस्तलिखित पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. इथं हस्तलिखित समुद्रात होतं.

"एक सांगू का?" ती म्हणाली. आता ती समजावणीच्या सुरात बोलत होती. "तुम्ही वर जाऊन खात्री नाही म्हणा. मुलीची चूक होऊ शकते, कोणी बोल लावणार नाही. काकांचं नाव पाटीवर येईल. तुमच्या आईंना बरं वाटेल. माझं मी बघते."

सगळं बरोबर होतं. आईला बरं वाटलं असतं. बाबांचं नाव कोरलं गेलं असतं, बावीस वर्षांचं आणि पुसता न येणारं. हिला हिचा आवाज मिळाला असता, त्याच्याबरोबर यायचं ते घेऊन, आणि ते ती स्वतः मागत होती. वर जायला वीस पायऱ्या होत्या. मी हुशार आहे, मी वाचलेली आहे, मला एका क्षणात कळलं की दोन्ही घरांसाठी एवढं चांगलं करण्याची संधी मला पुन्हा मिळणार नाही. माझे पाय जागचे हलले नाहीत. मला पाटी नको होती. निर्दोष बाप नको होता. निर्दोष, मुका, तळहात उभा धरणारा बाप माझ्याकडे होताच.

"नाही," मी म्हटलं. "ते माझे वडीलच होते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. वाद घालायच्या बेतात असलेलं तोंड मिटलं. "मग अनिश्चित लिहितील," ती म्हणाली. "दोघांचंही जाईल."

"जाऊ दे."

"कठीण आहात हो तुम्ही," ती म्हणाली, रागानं नाही, नुसतं बघून सांगितल्यासारखं. खोकं उचललं. टॉवेल घसरला होता तो हनुवटीनं दाबून धरला आणि एकेक पायरी बघत ती उतरत गेली. मी मदत करायला हवी होती. खालचं दार उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला.

जिन्यात कोणी नव्हतं. मी कठड्याला धरून ते शब्द मोठ्यानं म्हणून पाहिले, जसेच्या तसे, तितकेच सावकाश. या परत. घाई नाही. हळू या. काही बिघडलं नाही. आम्ही आहोत इथंच. माझ्या तोंडून ते हुकमासारखे बाहेर पडले.